एका ताऱ्याच्या अभिप्रायाला उत्तर: किरगिझस्तानचा अक्रोड मगज, 10 किलोचं खोकं

नमस्कार ताई,

तुमच्या बेकरीसाठी घेतलेल्या खोक्याबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते मी दोनदा वाचलं. रंग एकसारखा नाही, चारपैकी एक पाकीट खवट, ब्राउनीत टरफलाचा तुकडा. आणि शेवटी, ‘किरगिझस्तानात अक्रोड होतो हे जन्मात ऐकलं नाही, चिलीचा माल लेबल बदलून विकताहेत.’

खवट पाकिटाचं आधी बोलतो, कारण तिथं मला बचावच नाही. अक्रोडाच्या मगजात जवळजवळ दोन तृतीयांश तेल असतं. टरफलात असेपर्यंत ते सुखरूप. एकदा फोडला की ऊन आणि हवा त्याच्या मागे लागतात. आमचा माल किरगिझस्तानातल्या जलालाबाद प्रांतातून ट्रकनं उझबेकिस्तान, तुर्कमेनिस्तान ओलांडून इराणमधल्या बंदर अब्बासला येतो आणि तिथून जहाजानं न्हावा शेवाला. किरगिझस्तानला समुद्रच नाही, त्यामुळं दुसऱ्यांच्या हद्दीतून जाणं आलंच. एरवी आम्ही थंडीत पाठवतो. या खेपेला पैशांची जुळवाजुळव लांबली आणि माल एप्रिलमध्ये निघाला. गारठ्याचा कंटेनर महाग पडत होता म्हणून मी साधा घेतला. जलालाबादचा भागीदार नको म्हणत होता, त्याचं ऐकलं नाही. पुढं न्हावा शेवाला क्वारंटाइनच्या, म्हणजे कीड-रोग तपासणीच्या, कागदात माझ्याच हातून चूक झाली आणि कंटेनर नऊ दिवस उन्हात उभा राहिला.

तुमची तीन पाकिटं तगली कारण त्यांची निर्वात सील शाबूत होती. चौथ्याची सुटली होती, हवा शिरली. निघताना पेरॉक्साइडची तपासणी (तेल खवट होतंय का ते त्यातून कळतं) केली होती, इथं उतरल्यावर केली नाही. करायला हवी होती. त्या पाकिटाचे पूर्ण पैसे आज तुमच्या खात्यात जातील. त्याच खेपेतली चाळीस खोकी आणखी गेली आहेत, त्या सगळ्यांना मी स्वतः फोन करतो आहे. तुम्ही लिहिलं नसतं तर मला कळलंही नसतं.

टरफलाच्या तुकड्याची माफी मागतो. निवड हातानं होते, डोळ्यांवर भरवसा असतो, आणि मेटल डिटेक्टरला टरफल दिसत नाही. तुमच्या गिऱ्हाइकाच्या दाताला काही झालं असेल तर डॉक्टरचं बिल मला पाठवा.

आता रंग. इथं मात्र मी थोडा भांडणार आहे.

जलालाबाद प्रांतात बझार-कोरगोन तालुक्यात अर्सलानबोब नावाचं गाव आहे. त्याच्या आसपास डोंगरउतारावर अक्रोडाचं जंगल पसरलंय, जगातल्या सर्वांत मोठ्या नैसर्गिक अक्रोड-जंगलांत त्याची गणना होते. मुलीच्या मेडिकलच्या ॲडमिशनसाठी तिथल्याच ओश शहरात गेलो होतो, (आपल्याकडची किती पोरं तिकडं शिकायला जातात ते तुम्हाला ठाऊक असेलच) तेव्हा सहज म्हणून बघायला गेलो आणि धंदा लागला तो कायमचा. लावलेली बाग नव्हे ती. बहुतेक झाडं बियांतून आपोआप उगवलेली. म्हणजे आपला रायवळ आंबा समजा. शेजारशेजारच्या दोन झाडांची फळं सारखी नसतात, एकाचा मगज साईसारखा, दुसऱ्याचा मधासारखा, तिसऱ्याचं टरफल इतकं जाड की हातोडीलाही घाम फुटावा. सप्टेंबरअखेर गावातली घरंच्या घरं बाडबिस्तरा घेऊन जंगलात मुक्कामाला जातात. वनखात्याकडून भाडेपट्ट्यानं घेतलेल्या जागेतली झाडं झोडपायची, फळं वेचायची, हिरवी साल काढायची. हात काळेकुट्ट होतात, पुढं कितीतरी दिवस तो रंग जात नाही. वेचणीत पाऊस आला आणि साल ओलीच राहिली तर मगज काळवंडतो. वसंतात उशिरा हिमतुषार पडला की मोहोर जळतो, आणि त्या वर्षी मिळेल तो माल गोड मानावा लागतो.

चिलीचा अक्रोड कलमी बागांचा. चँडलरसारख्या जातींची हजारो झाडं एकाच साच्यातली, म्हणून मगज फिकट आणि एकसारखा. ताई, मी तुम्हाला चिलीचा माल दिला असता तर रंगाची तक्रार तुम्ही केलीच नसती!

तरी एक गोष्ट तुमची बरोबर. आमच्या पानावरच्या फोटोत फक्त फिकट, अखंड अर्ध्या फाका होत्या. अशा फाकांना तिकडच्या बाजारात रशियन शब्द चालतो, ‘बाबच्का’, म्हणजे फुलपाखरू. तो निवडक माल वेगळ्या भावाचा. तुम्ही घेतलात तो मिश्र. खोक्यावर तसं लिहिलंय, पण फोटो बघून माणूस फसणारच. काल फोटो बदलला. आता मधाळ रंगाचा ढीगही दिसतो.

गडद मगज कडू लागला असंही तुम्ही म्हणता. जिभेला नुसतं तुरट लागलं तर ते वरच्या पातळ सालीतलं टॅनिन. कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवून ओव्हनमध्ये मंद भाजलं की बरंच उतरतं. पण जुन्या तेलाच्या बरणीसारखा वास आला तर तो खवटच, तिथं भाजून काही होत नाही, फेकून द्या. उरलेली तीन पाकिटं फोडली नसतील तर फ्रिजमध्ये ठेवा, आणि मसाल्याच्या डब्यांपासून लांब. अक्रोड वास पटकन ओढतो.

रंगासाठी पैसे परत करणार नाही, हे स्पष्ट सांगतो. हवं तर न फोडलेली पाकिटं मी माझ्या खर्चानं परत मागवतो, त्यांचे पैसे मिळतील.

आणि धंद्याच्या विरुद्ध बोलतो: केकच्या वर रांगेत मांडायला तुम्हाला चिलीचाच मगज लागेल, वाशीच्या मसाला मार्केटात मिळेल. ब्राउनीच्या पिठात मात्र आमचा घालून बघा. पुढची खेप जानेवारीत गारठ्याच्या कंटेनरनं येते आहे, अर्धा किलो नमुना पाठवतो, मिश्र मालातलाच, निवडलेला नाही.

फोन तीन दिवस उचलला नाही हेही तुम्ही लिहिलंय. खरं आहे. खालचा नंबर आता माझ्याच खिशात आहे.