‘रक्तातच गुन्हेगारी’ म्हणणाऱ्या संदेशाचा प्रतिवाद

बीड, धाराशिव आणि लातूरकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या पारधी समाजाविषयी एक लांबलचक संदेश फिरत आहे. ‘जनहितार्थ’ असे वर लिहिलेले आणि ‘जास्तीत जास्त शेअर करा’ असे खाली. त्याचा सारांश असा : पारधी जन्मजात गुन्हेगार असतात, गुन्हेगारी त्यांच्या रक्तातच आहे, इंग्रज काही मूर्ख नव्हते, त्यांनी पूर्ण अभ्यास करूनच १८७१ साली तसा कायदा केला, हे लोक मूळचे इथले नव्हेतच, सरकार त्यांना घर, जमीन, आरक्षण सारे फुकट देते, तरी त्यांना कष्ट नकोत, त्यांच्या जातपंचायती क्रूर आहेत, वंशभेद हा गोऱ्यांच्या देशातला रोग आहे, आपण केवळ सावध राहतो, म्हणून शिवारात कुठे पाल (भटक्यांचा तंबू) दिसले की त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाका.

असले संदेश मी एरवी वाचून सोडून देतो. हा सोडता आला नाही, कारण तो भावकीच्या ग्रुपवरून केज तालुक्यातल्या माझ्या मामीपर्यंत पोहोचला आणि तिने कित्येक वर्षे तिच्याकडे कापूस वेचायला येणाऱ्या पारधी बाईला ‘आता येत जाऊ नकोस’ म्हणून सांगितले. मामीचा चिमूटभर जिन्नस आजवर हलला नव्हता, हे मामीच मला फोनवर सांगत होती, आणि त्याच फोनवर ‘पण आता लोक म्हणतात तर’ हेही.

तर मुख्य मुद्दा. इंग्रजांनी ‘पूर्ण अभ्यास’ करून कायदा केला, असे ज्याने लिहिले त्याने तो कायदा उघडूनही पाहिलेला नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा प्रथम लागू झाला तो वायव्य प्रांत, अवध आणि पंजाब या उत्तरेकडच्या मुलखात. मुंबई इलाख्यात या कायद्याचा अंमल सुरू व्हायला १९११ उजाडावे लागले. आणि आपला मराठवाडा तर तेव्हा इंग्रजांकडे नव्हताच, तो निजामाच्या राज्यात होता. संस्थानी मुलखात अशा कायद्यांचे अनुकरण पुढे झाले ते वेगळे. म्हणजे ज्या अभ्यासाच्या जोरावर आज बालाघाटातल्या पारध्याला गुन्हेगार ठरवायचे, तो अभ्यास करणाऱ्यांनी बालाघाट पाहिलादेखील नव्हता. बरे, अभ्यासावर एवढा भरवसा असता तर तो न्यायालयात तपासू द्यायला हरकत नसावी. कायद्याच्या सहाव्या कलमाने नेमकी तीच वाट बंद केली होती : एखाद्या जमातीला गुन्हेगार ठरवणारी अधिसूचना वैध आहे की नाही, हे कोणत्याही न्यायालयाने तपासायचे नाही, ती अधिसूचना हाच अंतिम पुरावा मानायचा. आरोप सरकारचा, पुरावाही सरकारचा आणि दाद मागायची सोय नाही. नोंद झालेल्या माणसाने पोलिसांकडे हजेरी द्यायची, परगावी जायचे तर पास घ्यायचा, आणि पुढे पुढे तर कुटुंबेच्या कुटुंबे तारेच्या कुंपणाआड ठेवली गेली. शेजारच्या सोलापूरची सेटलमेंट आपल्याकडच्या जुन्या माणसांना ऐकून तरी ठाऊक आहे. तिथे पाळण्यातले मूलही ‘गुन्हेगार जमाती’चे होते, त्या मुलाने काय चोरले होते, हे संदेशकर्त्याने एकदा सांगावे.

स्वतंत्र भारताने अय्यंगार समितीचा अहवाल घेऊन हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द केला. विमुक्त दिन त्यासाठीच पाळतात, आणि त्या यादीतून सुटलेल्या जमातींना विमुक्त जमाती म्हणतात. कायदा गेला, पण ठाण्यातली सवय गेली नाही. कुठे घरफोडी झाली की पहिली गाडी वस्तीवर जाते, तरुण उचलले जातात, त्यांची नावे कागदावर चढतात, आणि मग तोच कागद दाखवून ‘बघा, यांच्यावर किती गुन्हे आहेत’ असे म्हटले जाते. संदेशातली ‘पोलिसांच्या नोंदीच बघा’ ही ओळ याच चक्रावर उभी आहे. नोंद म्हणजे गुन्हा सिद्ध होणे नव्हे, एवढे तरी शिकल्यासवरल्या माणसाने लक्षात ठेवायला हवे.

हे चक्र किती दूरवर नेऊ शकते, याचे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. नाशिक जिल्ह्यात २००३ साली खून, बलात्कार आणि दरोड्याचा अत्यंत भीषण गुन्हा घडला. त्यात भटक्या जमातीच्या सहा मजुरांना अटक झाली. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने त्यांतल्या तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशीच ठोठावली. पुढे फेरविचार झाला आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. हल्ल्यातून वाचलेल्या महिलेने पोलिसांकडच्या छायाचित्रांतून भलत्याच चार माणसांना ओळखले होते आणि त्या दिशेने तपासच झाला नव्हता, हे या निकालात नोंदवले आहे. आरोपी भटक्या जमातीचे, अत्यंत गरीब मजूर आहेत, त्यामुळे त्यांना खोटे गोवले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असेही न्यायालयाने म्हटले, आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यायला राज्य सरकारला सांगितले. तोवर सुमारे सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. त्यांतला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. हे सहा जण पारधीच होते, असे मी म्हणत नाही; निकालातही तसे नाही. पण ‘यांच्यातलेच कोणीतरी असणार’ हा जो विचार संदेश पसरवतो आहे, तोच विचार ठाण्यापासून फाशीच्या कोठडीपर्यंत न अडता कसा जातो, ते हा निकाल दाखवतो. ‘रक्तात’ वगैरे लिहिणाऱ्यांनी आधी तो वाचावा, मग माझ्याशी बोलावे.

रक्ताचाच हिशेब करायचा तर आणखी एक विचारतो. मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत पतसंस्था आणि मल्टीस्टेट बुडाल्या, लोकांच्या मुलीच्या लग्नाच्या आणि निवृत्तीच्या ठेवी गेल्या. ती रक्कम साऱ्या पालांवरच्या साऱ्या चोऱ्यांहून किती पटींनी मोठी असेल! त्या संचालकांच्या जातीचे रक्त तपासावे, असा संदेश कोणी पाठवल्याचे मला आठवत नाही.

एक गोष्ट मान्य करावी लागेल, आणि ती मी फार खुशीने मान्य करत नाही. महामार्गावरच्या लुटींच्या आणि दरोड्यांच्या काही प्रकरणांत पारधी तरुण सापडले आहेत, काहींवर गुन्हे सिद्धही झाले आहेत. ज्यांच्या घरी दरोडा पडला त्यांचे भय खोटे नाही. त्या गुन्हेगारांना शिक्षा झालीच पाहिजे, नाव-गाव-पुराव्यानिशी. जातपंचायतीचेही तसेच : दंड, बहिष्कार, उकळत्या तेलातले दिव्य हे प्रकार घडले आहेत आणि ते निंद्यच आहेत. मात्र सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली जो कायदा मंजूर केला तो एका जमातीसाठी केला नव्हता. जातपंचायतीचा जाच अनेक जातींत होता, म्हणून तो करावा लागला.

‘मूळचे इथले नव्हेत’ या मुद्द्यावर फार शाई खर्च करण्याची गरज नाही. राज्याच्या अनुसूचित जमातींच्या यादीत पारधी, फासेपारधी आहेत. तितर, लावे, ससे धरण्यासाठी फासे विणणारी ही माणसे याच माळरानांवर जगत होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बेकायदा ठरली आणि पिढीजात कसब एका फटक्यात गुन्हा झाले. कायदा आवश्यक होता, याविषयी दुमत नाही, परंतु त्यांना दुसरे काम कोणी दिले? दिले ते शेतकऱ्यांनीच. ऊस असो की द्राक्षबाग, रात्रीच्या राखणीला आजही कित्येक ठिकाणी पारधी कुटुंबच ठेवतात, कारण त्याच्याइतकी चाहूल दुसऱ्या कोणाला लागत नाही. दिवसा हा संदेश पुढे पाठवायचा आणि रात्री त्यांच्या भरवशावर झोपायचे, हे ज्यांना जमते त्यांना नमस्कार.

‘सारे फुकट’ हे तर केवळ ऐकीव. जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्याचा आजा पालात जन्मला आणि पालातच गेला, त्याने तो कुठून आणायचा? कुणबी दाखल्यासाठी निजामकाळातल्या नोंदी शोधताना तहसीलच्या दप्तरात उर्दू वाचणारा माणूस मिळवणे किती कठीण, हे २०२३ पासून मराठवाड्यातल्या घराघरांनी अनुभवले आहे. आपल्याकडे निदान सात-बारा तरी होता. दाखला नाही म्हणून योजना नाही, आणि गायरानावर खोपटे घातले की अतिक्रमण.

वंशभेद आपल्याकडे नाही, हे वाक्य मात्र सोडता येत नाही. वंशभेद निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९६८ सालीच मान्य केला, आणि त्यातली व्याख्या केवळ कातडीच्या रंगावर थांबत नाही, जन्मकुळावरून होणारा भेदही त्यात येतो. या करारावर देखरेख करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २००७ मध्ये भारताला, गुन्हेगार जमाती कायद्याच्या जागी आलेला सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा रद्द करायला सांगितले, कारण जुना कलंक त्यातून विमुक्त जमातींवर कायम राहतो. सरकारने जात या करारात येत नाही, अशी भूमिका घेतली आहे, ती मला ठाऊक आहे. पण बाहेरच्यांचे ऐकायचे नसेल तर आपल्याच सर्वोच्च न्यायालयाचा ३ ऑक्टोबर २०२४ चा निकाल आहे : विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजणाऱ्या कारागृह नियमावल्यांतल्या तरतुदी त्याने घटनाबाह्य ठरवल्या आणि या जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, अशी ताकीद पोलिसांना दिली. माणूस काय करतो हे न पाहता तो कोणाच्या पोटी जन्मला यावरून त्याला ओळखणे, याला दुसरे नाव असेल तर संदेशकर्त्याने सुचवावे.

आता शेवटची ओळ, ‘पाल दिसले की फोटो टाका’. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात मंगळवेढ्याकडच्या भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना, मुले पळवणारे समजून, जमावाने ठार मारले. आठवडी बाजाराचा दिवस होता, आणि जीव वाचवायला ज्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेले होते, त्यांना तिथेच गाठून मारले. त्या अफवाही मोबाइलवरूनच पसरल्या होत्या आणि त्याही अशाच ‘सावध राहा’ म्हणत आल्या होत्या. फोटोसह ठिकाण कळवा, हे सांगणे म्हणजे जमावाला पत्ता देणे आहे.

ग्रुपचे ॲडमिन असलेल्या मंडळींसाठी एक व्यावहारिक माहिती : अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३(१)(यू) नुसार या जमातींच्या लोकांविरुद्ध लेखी किंवा तोंडी शब्दांनी द्वेष पसरवणे हा गुन्हा आहे, आणि पारधी हे अनुसूचित जमातीतच मोडतात. हे कलम मी आमच्या भावकीच्या ग्रुपवर त्या संदेशाखाली टाकले आहे. दोघांनी रागाने ग्रुप सोडला. संदेश मात्र अजून तिथेच आहे, आणि तो काढून टाकण्याचा अधिकार ॲडमिनला आहे.