'डिप्रेशन नाही, नुसतं डी कमी आहे' म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

एकच मेसेज मला महिन्याभरात चार वेगवेगळ्या लोकांनी पाठवला, चौघंही काळजीपोटीच, त्यामुळे रागावणार तरी कुणावर. मेसेज थोडक्यात असा: डिप्रेशन वगैरे काही नसतं, अंगातलं व्हिटॅमिन डी कमी झालं की माणूस उदास होतो. डी च्या गोळ्या घ्या, उन्हात बसा, पंधरा दिवसात मूड फ्रेश. जास्त घेतलं तरी चालतं, व्हिटॅमिनच आहे. आणि त्या डिप्रेशनच्या गोळ्या बंद करून टाका, कंपन्या तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत.

सगळ्यात आधी ते गोळ्या बंद करायचं, कारण बाकी चुकलं तर पैसे जातील, हे चुकलं तर माणूस अडचणीत येईल. डिप्रेशनचं औषध एकदम थांबवलं की चक्कर येते, झोप उडते, चिडचिड होते, डोक्यात करंट मारल्यासारखं वाटतं असं बरेच लोक सांगतात, आणि आजार उलटायचा धोका आहे तो वेगळाच. डोस कमी करायचाच असेल तर तो टप्प्याटप्प्याने, आठवडे किंवा महिने लावून, लिहून देणाऱ्या डॉक्टरला विचारून.

आता मेसेजचा मुख्य मुद्दा, 'डिप्रेशन असणाऱ्यांचं डी कमी असतं हे सिद्ध झालंय'. हे वाक्य तसं खोटं नाही. 2013 मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ सायकियाट्रीमध्ये 31 हजारांहून जास्त लोकांचा डेटा एकत्र करून बघितला होता आणि कमी डी आणि डिप्रेशन यांचा संबंध दिसला होता. पण संबंध दिसणं वेगळं आणि कारण असणं वेगळं. माझंच सांगतो, माझा वाईट काळ चालू होता तेव्हा मी कित्येक आठवडे पडदे लावून आत पडून होतो, जेवणाचा पत्ता नाही, बाहेर पडायचं म्हटलं की जिवावर यायचं, आणि मग टेस्ट केली तर डी आलं 11, म्हणजे बरंच कमी. आता 11 होतं म्हणून मी उदास होतो की उदास होऊन आत कोंडून घेतलं म्हणून 11 झालं, हे रिपोर्टवर कुठेच लिहिलेलं नसतं. शिवाय वजन जास्त असलं की रक्तातलं डी कमी दिसतं, अंगात आतून सूज (इन्फ्लमेशन) असली तरी कमी दिसतं, आणि या दोन्ही गोष्टी डिप्रेशनच्या पेशंटमध्ये जास्त सापडतात. म्हणजे गुंता आहे.

हा गुंता सोडवायचा तर एक साधा मार्ग आहे, अर्ध्या लोकांना डी द्या, अर्ध्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी द्या, कुणाला काय मिळालं ते कुणालाच सांगू नका आणि थांबा. अमेरिकेत व्हायटल नावाच्या ट्रायलमध्ये हेच केलं. 18,353 लोक, वय 50 च्या पुढचं, रोज 2000 युनिट, पाच वर्षांहून जास्त काळ. 2020 मध्ये निकाल आला, डिप्रेशन होण्यात फरक नाही, मूडच्या स्कोअरमध्येही फरक नाही. आणि कंपन्यांचं म्हणाल तर ही ट्रायल अमेरिकन सरकारच्या संशोधन संस्थेच्या पैशातून झालेली (तसं बघितलं तर डी च्या गोळ्याही कंपन्याच विकतात, त्या काय झाडाला लागत नाहीत).

इथे कुणी म्हणेल की त्या लोकांना बहुतेक ना डिप्रेशन होतं ना डी ची कमतरता, मग फरक पडेलच कसा. बरोबर आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. 2022 मध्ये 41 ट्रायल एकत्र करून पाहिल्या तेव्हा लक्षणांमध्ये थोडी सुधारणा दिसली, आधीच डिप्रेशन असलेल्यांमध्ये जरा जास्त, पण या पुराव्याची खात्री अगदी कमी आहे असं त्या संशोधकांनीच लिहून ठेवलंय. म्हणजे डॉक्टरच्या औषधासोबत डी घेऊन काहींना थोडी मदत होत असेल, शक्य आहे. त्यावरून 'डिप्रेशन म्हणजेच डी ची कमी' इथपर्यंत उडी नाही मारता येत.

'मेंदूत डी चे रिसेप्टर (म्हणजे डी जिथे जाऊन चिकटतं त्या जागा) असतात' असंही त्या मेसेजमध्ये आहे. असतात ना. आतड्यात, हाडात, रोगप्रतिकारक पेशींमध्येही असतात. दिव्याला तेल लागतंच, पण भरलेल्या दिव्यात अजून तेल ओतलं म्हणून उजेड वाढत नाही.

उन्हाचा मुद्दा मात्र मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो, कारण उन्हात गेल्यावर बरं वाटतं हे खरंच आहे आणि लोक लगेच म्हणतात, बघा, डी! पण त्वचेत डी तयार होतं ते उन्हातल्या यूव्हीबी (एक प्रकारच्या अतिनील) किरणांमुळे, आणि खिडकीची काच ते जवळजवळ सगळे अडवते, म्हणजे काचेआड बसून छान वाटलं तर त्यात डी चा काही हात नाही. याहून भारी उदाहरण म्हणजे लाइट थेरपी. हिवाळ्यात येणाऱ्या डिप्रेशनचं वर्णन नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये केलं, त्यावर सकाळी अर्धा तास 10,000 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) दिव्यासमोर बसवतात आणि बऱ्याच जणांना फरक पडतो. आता गंमत बघा, त्या दिव्यातून यूव्ही मुद्दाम गाळून टाकलेलं असतं! डी चा एक कणही तयार होत नाही आणि तरी मूड सुधारतो, कारण तो उजेड डोळ्यांतून मेंदूच्या घड्याळापर्यंत पोचतो. तेव्हा सकाळी बाहेर पडा, चाला, जरूर चाला, फक्त श्रेय चुकीच्या माणसाला देऊ नका.

पंधरा दिवसांचं गणितही जमत नाही. रोजचा डोस सुरू केला की रक्तातली लेव्हल स्थिर व्हायला साधारण तीन महिने लागतात.

कमतरता असेल तर डी घ्यायलाच हवं, हाडं दुखणं, स्नायूंची ताकद जाणं हे खरे त्रास आहेत. मीही घेतलं, पाय दुखायचे थांबले, मूडला मात्र वेगळी ट्रीटमेंट लागली.

राहिलं 'जास्त घेतलं तरी चालतं'. डी चरबीत साठतं, व्हिटॅमिन सी सारखं लघवीतून निघून जात नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या 2256 बायकांना वर्षातून एकदा 5 लाख युनिट दिले होते, मानसिक स्वास्थ्यात काही सुधारणा नाही, उलट पडण्याचं प्रमाण 15 टक्क्यांनी आणि फ्रॅक्चरचं 26 टक्क्यांनी वाढलं. आणि आठवड्याची 60,000 ची गोळी कुणी चुकून रोज महिनोन्‌महिने घेत राहिलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मग मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान, किडनीवर ताण, आणि त्याच यादीत थकवा, गोंधळल्यासारखं होणं आणि उदास वाटणं पण आहे. आता हा मेसेज वाचलेला माणूस ते उदास वाटणं बघून काय करेल, अजून एक गोळी घेईल.