रंग जाण्याची हमी

गेल्या शनिवारी, कनेक्टिकटच्या किनाऱ्यावरील एका नौकाविहार क्लबाच्या हिरवळीवर, सुमारे चाळीस माणसांच्या देखत, एका पंच्याऐंशीच्या घरातील गृहस्थांनी माझ्या पार्श्वभागावर चाकू चालवला. जखम झाली नाही. निदान डॉक्टरला दाखवता येईल अशी तरी झाली नाही.

आमच्या विभागप्रमुख बाईंनी दुपारच्या जेवणाला बोलावले होते आणि पोशाखाविषयी निमंत्रणात 'कॅज्युअल' एवढा एकच शब्द होता. सतरा वर्षे या देशात काढल्यावर मला एवढे नक्की कळते की, श्रीमंतांच्या निमंत्रणातील 'कॅज्युअल' हा शब्द आपल्याकडच्या 'येताना काही आणू नका हं' या वाक्याइतकाच विश्वासार्ह असतो. म्हणून मी आठवडाभर अभ्यास केला. पिढीजात श्रीमंत कसे दिसावे हे मोबाइलवर एका मिनिटात शिकवणारी विशीतली मुले हल्ली शेकड्यांनी आहेत, आणि त्यांच्या उपदेशानुसार मी पितळी बटनांचा गर्द निळा ब्लेझर, मद्रास चौकड्यांचा शर्ट, खाकी विजार आणि बिननाडीचे लोफर असा सगळा सरंजाम जमवला. आरशात पाहिल्यावर पत्नी म्हणाली, "छान दिसतो आहेस, पण विमानातला वाटतोस." ती प्रवासी म्हणून म्हणाली की कर्मचारी म्हणून, हे मी विचारले नाही.

त्या गृहस्थांचे वर्णन मात्र सवडीने केले पाहिजे. त्यांचा ब्लेझर कोपरांवर झिजून चकाकत होता आणि त्याच्या बटनांपैकी एक उघडच दुसऱ्या कोणत्या तरी कोटावरून आणलेले होते. शर्टाची कॉलर घडीवर इतकी विरली होती की आतले कॅनव्हास बाहेर डोकावत होते. कमरेला पट्ट्याऐवजी एक जुना टाय गुंडाळलेला होता. विजारीचा रंग हुबेहूब सोलकढीचा होता. नॅन्टकेट बेटावरील एक दुकान विटकरी लाल कॅनव्हासच्या विजारी विटण्याची हमी देऊन विकते. या विजारीने ती हमी पुरी करून वर व्याजही दिलेले दिसत होते. आणि उजव्या पायातल्या डेक शूच्या चवड्याला, आपण गळक्या पाइपाला गुंडाळतो ती चंदेरी चिकटपट्टी दोन वेढे मारून लावलेली होती. हा मनुष्य पुण्यातील एखाद्या मंगल कार्यालयाच्या दारात उभा राहिला असता, तर कोणीतरी त्याला अत्यंत अदबीने मागच्या दाराचा रस्ता दाखवला असता. येथे आम्ही ज्या धक्क्यावर उभे होतो, त्या धक्क्यालाच त्यांच्या आजोबांचे नाव होते.

"यंग मॅन," ते मला म्हणाले. माझे वय ४९ आहे. "तुमचा कोट अजून शिवून बंद आहे."

"असं का?" मी म्हणालो.

"पाठ करा."

मी पाठ केली. का केली, याचा मी तेव्हापासून रोज विचार करतो आहे. मला दोन मुले आहेत, घराचे हप्ते आहेत, माझ्या हाताखाली अकरा माणसे काम करतात. पण शाळेतल्या पी.टी.च्या तासाला लागलेली सवय अशी मुरलेली असते की, पुरेशा खात्रीने कोणी 'पाठ करा' म्हणाले तर आधी पाठ होते आणि स्वाभिमान मागाहून येतो. नव्या कोटाच्या मागच्या बाजूला मधोमध जो काप असतो, तो दुकानात विस्कटू नये म्हणून पांढऱ्या दोऱ्याच्या फुलीने टाचून ठेवलेला असतो. त्यांनी किल्ल्यांच्या जुडग्यातून एक छोटासा चाकू उघडला आणि शर्यतीचा घोडा तपासावा तसे ते माझ्यामागे वाकले.

"हलू नका. मागे एक वकील हलले होते."

"मग काय झाले?"

"त्यांना दुसरा कोट घ्यावा लागला."

आजूबाजूचे संभाषण थांबले. विभागप्रमुख बाई हातात काकडीचे सँडविच घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मागे 'टक' असा एक सूक्ष्म आवाज आला, मग आणखी एक, आणि मग त्या गृहस्थांनी पुढे येऊन पांढऱ्या दोऱ्याचे ते दोन तुकडे माझ्या तळहातावर ठेवले. लग्नात गुरुजी अक्षता वाटतात तसे, गांभीर्याने, कोणालाही कमी-जास्त न करता.

येथे एक गोष्ट कबूल करणे भाग आहे. ती फुली मला ठाऊक होती. मी ती मुद्दाम ठेवली होती. किमतीची चिठ्ठीही आतल्या खिशात दुमडून ठेवलेली होती, कारण २९८ डॉलरचा तो ब्लेझर एक दुपार अंगावर मिरवून तीस दिवसांच्या आत परत करण्याचा माझा विचार होता. अमेरिकेतील मराठी घरात जी वस्तू परत गेलेली नसते, ती एक तर खाऊन संपलेली असते किंवा तिची पावती हरवलेली असते. तेव्हा चाकू चालू असताना मला ओरडायचे होते, पण ओरडायचे तर कारण सांगावे लागले असते. चोराच्या घरी चोरी झाली, तर त्याने फिर्याद कोणाकडे न्यावी?

एवढ्यावर ते थांबले असते, तर मी हा लेख लिहिला नसता. त्यांचे लक्ष शर्टाकडे गेले.

"हा मद्रास आहे का?"

येथे मला प्रथमच पायाखाली जमीन लागली. "होय," मी जरा छाती काढून म्हणालो, "हे आमच्याकडचे कापड. भारतातले. त्या शहराला आता चेन्नई म्हणतात."

"केव्हापासून?"

"१९९६ पासून."

त्यांनी क्षणभर समुद्राकडे पाहिले. "मला कोणी कळवले नाही," ते म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांनी माझी बाही मनगटावर उलटी केली.

आमच्या साताऱ्याला एक काकू होत्या. लग्नकार्यात कोणी पैठणी नेसून आली की त्या "किती गोड दिसतेस" असे म्हणत जवळ जायच्या आणि कौतुकाच्या ओघात पदर हातात घेऊन अलगद उलटा करायच्या. हातमागाच्या खऱ्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. नकली पैठणीच्या मागे सुटे धागे लोंबत असतात. काकू काही बोलत नसत. पदर परत खांद्यावर ठेवत आणि "छान आहे हो" म्हणत, आणि त्या 'हो'ने त्या बाईचे सगळे कार्य नासून जाई. अटलांटिक महासागर ओलांडून सतरा वर्षांनी मला त्याच काकू, सोलकढी रंगाच्या विजारीत, पुन्हा भेटल्या.

माझी बाही आतून पांढरी होती. नुसती पांढरी, चौकड्या वरच्या बाजूला छापलेल्या होत्या.

"हे छापील आहे," ते क्ष-किरणाचे चित्र उजेडाकडे धरणाऱ्या डॉक्टरच्या स्वरात म्हणाले. "मद्रासमध्ये सूत आधी रंगवतात आणि मग विणतात, त्यामुळे ते दोन्हीकडून सारखे असते. आणि खऱ्याचा रंग जातो. आम्ही येलला होतो तेव्हा रंग जाण्याच्या हमीवरच ते विकत असत. आम्ही शर्ट बादलीत बुडवून ठेवायचो, रंग एकमेकांत उतरावेत म्हणून. तुमच्या शर्टाचा जातो का?"

"नाही," मी म्हणालो. कपड्याचा रंग पक्का आहे याची लाज वाटण्याचा तो माझ्या आयुष्यातील पहिला प्रसंग होता.

"आणि हे तुमच्याकडचे कापड," ते म्हणाले. उपरोध नव्हता, खरोखरच हळहळ होती, आणि तीच जास्त लागली. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काही बिघडत नाही. हा कोट बोटीत टाका. त्याच्यावर झोपा. पावसात बसा. वीस वर्षांत बरा होईल."

मी घरी येताना गाडीत सबंध वेळ वडिलांच्या कॉलरींचा विचार करत होतो. ते जिल्हा परिषदेत कारकून होते. शर्टाची कॉलर घडीवर विरली की आई तो शर्ट शिंप्याकडे पाठवायची. तो कॉलर उसवून, उलटी करून पुन्हा शिवून द्यायचा, म्हणजे झिजलेली बाजू आत जाई आणि कोरी बाजू बाहेर येई. शर्टाचे आयुष्य त्यामुळे दोन-तीन वर्षांनी वाढे. आम्हा भावंडांना ती गुप्त गोष्ट वाटत असे. शाळेत कोणाला कळू नये म्हणून मी जपत असे. आणि आता मला सांगण्यात येत होते की फाटकी कॉलर हेच कुळाचे लक्षण आहे, मात्र झिजलेली बाजू बाहेर पाहिजे. हा शोध वडिलांना वेळेवर लागला असता, तर शिंप्याचे पैसे वाचले असते. खरे सांगायचे तर हे मला विनोदी वाटत नाही. माझ्या बुटाला तीच चंदेरी पट्टी असती, तर सोमवारी मनुष्यबळ विभागातील कोणीतरी दार लोटून, "घरी सगळे ठीक आहे ना?" असे विचारून गेले असते. त्यांच्या बुटाच्या भोकातून आजोबांचा धक्का दिसतो, आणि माझ्या बुटाच्या भोकातून फक्त मोजा दिसला असता.

त्या रात्री मला झोप आली नाही, म्हणून मी फिर्यादीचे कागद जमवावेत तसा पुरावा गोळा करत बसलो. येल विद्यापीठाला ज्याचे नाव आहे तो एलिहू येल हा मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जचा गव्हर्नर होता, आणि खाजगी व्यापारात हात मारल्याच्या आरोपांमुळे १६९२ मध्ये त्याला पदावरून दूर केले होते. १७१८ मध्ये त्याने कनेक्टिकटच्या त्या छोट्या कॉलेजला मालाचे नऊ गठ्ठे, ४१७ पुस्तके आणि पहिल्या जॉर्ज राजाचे एक चित्र पाठवले. गठ्ठ्यांतले कापडचोपड विकून ५६२ पौंड आले, आणि कॉलेजाने कृतज्ञतेने स्वतःचे नाव बदलले. म्हणजे माझी बाही उलटी करणाऱ्या माणसाच्या पदवीचे नाव कापडाच्या गठ्ठ्यावरून पडलेले आहे. तो माल तरी दोन्हीकडून सारखा होता की नाही, हे त्या वेळी कोणी पाहिले असेल का?

पुढे वाचत गेलो तसा माझा उत्साह वाढत गेला. बटनाने खाली टाचलेली ती कॉलर ब्रुक्स ब्रदर्स या अमेरिकी कपडेवाल्यांनी १८९६ मध्ये इंग्लंडमधील पोलो खेळाडूंच्या शर्टावरून उचलली, आणि पोलो इंग्रजांनी मणिपूरवरून उचलला. उन्हाळ्यात ही मंडळी ज्या चुरगळलेल्या पट्ट्यांच्या कापडाचे सूट घालतात, त्या 'सीअरसकर'चे मूळ फारसीत 'शीर-ओ-शकर' आहे. म्हणजे चक्क दुधात साखर. खाकी हा शब्द तर सांगायलाच नको. लोफरचे १९३६ मधील प्रसिद्ध नाव 'वीजन' हे 'नॉर्वेजियन' शब्दाचे शेपूट आहे, कारण ते जोडे नॉर्वेतील जोड्यांवरून बेतलेले होते. या सगळ्या थाटाचा आजचा सर्वांत मोठा विक्रेता राल्फ लॉरेन हा ब्रॉन्क्समधील एका रंगाऱ्याचा मुलगा. त्याचे जन्माचे आडनाव लिफ्शिट्झ. येलच्या दाराशी १९०२ मध्ये निघालेले जे. प्रेस हे दुकान लॅटव्हियाहून आलेल्या एका स्थलांतरिताने काढले, आणि १९८६ मध्ये ते एका जपानी कंपनीने विकत घेतले. १९६५ मध्ये काही जपानी लोकांनी अमेरिकी विद्यापीठांतील मुलांचे कपडे टिपून 'टेक आयव्ही' नावाचे छायाचित्रांचे पुस्तक काढले. २०१० मध्ये अमेरिकेत त्याची इंग्रजी आवृत्ती निघाली, आणि आपले वडील काय घालत होते हे तिथली मुले त्यात पाहू लागली. १९८० मध्ये या जमातीची टिंगल करण्यासाठी निघालेले एक पुस्तक तर लोकांनी पाठ्यपुस्तक म्हणून वापरले.

रात्री दोन वाजता मी पत्नीला उठवून सांगितले की यांच्या अंगावरचे एकही कापड यांचे नाही. तिने डोळे न उघडता विचारले, "कोट परत देणार आहेस ना?"

मंगळवारी संध्याकाळी मी दुकानात गेलो. काउंटरवरील मुलीने ब्लेझर उलटा केला, आणि जेथे फुली होती तेथे सुईची चार बारीक भोके होती त्यांवर बोट ठेवले.

"हा वापरलेला आहे."

"नाही," मी म्हणालो, "एका गृहस्थांनी दोरा कापला."

"कोणी?"

"मी त्यांना ओळखत नाही."

"अनोळखी माणसाने कापला आणि तुम्ही कापू दिला?"

याला उत्तर नव्हते. मी बाजूला झालो. माझ्यामागच्या मनुष्याच्या हातात बुटांचा एक जोड होता, आणि त्याने ते सबंध हिवाळाभर घातलेले होते हे टाचांवरून स्पष्ट दिसत होते. ते त्यांनी परत घेतले.

बाहेर पाऊस कोसळत होता आणि छत्री गाडीत होती. अंगात तोच मद्रास शर्ट होता. एकदा धुतल्यामुळे तो परत जाण्यासारखा राहिलाच नव्हता. मी ब्लेझर त्याच्यावर चढवला. गाडीच्या जागी पोहोचल्यावर लगेच आत बसायला हरकत नव्हती, पण मला त्या गृहस्थांचा सल्ला आठवला, म्हणून रागाच्या भरात मी पावसातच एका सिमेंटच्या कठड्यावर चांगली दहा मिनिटे बसून राहिलो. जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या वेग कमी करून पाहत होत्या.

घरी आल्यावर पत्नीने ब्लेझर न्हाणीघरात लटकवला आणि शर्ट हातात धरून ती दिव्याखाली आली.

"कोटाचा रंग गेला आहे," ती म्हणाली. "सगळीकडे निळे-निळे झाले आहे. आता हा पुसायला घ्यावा लागणार."

मी शर्ट तिच्या हातातून घेतला आणि बाही उलटून पाहिली. निळा रंग थेट आरपार उतरला होता, आणि दोन्ही बाजू अगदी सारख्या दिसत होत्या.