दहा वाजणार हे दुपारी माहीत नसतं का?
परत तेच! शनिवारी पुण्यात म्युझिक फेस्टिव्हलला गेलो, चारला येणारा पहिला बँड साडेपाचला स्टेजवर, का तर म्हणे साउंडचेक, म्हणजे माइक-स्पीकरचा आवाज तपासणं, चालूये, मग पुढचे सगळे ढकलत ढकलत शेवटी ज्यांच्यासाठी मी तिकीट काढलं होतं त्यांच्या वाट्याला जेमतेम पंचवीस मिनिटं. उघड्यावर रात्री दहानंतर स्पीकर बंद, हा नियम 2000 सालापासून आहे, काल नाही आला! नियमाशी माझं भांडण नाहीच, आजूबाजूला लोक राहतात, म्हातारी माणसं असतात. पण मग सुरुवात वेळेवर करा ना. एकट्या ड्रमकिटलाच सात-आठ माइक लागतात, वरून गिटारचे अ‍ॅम्प, वाजवणाऱ्यांना स्वतःला ऐकू यावं म्हणून मॉनिटर स्पीकर, वेळ जातो हे मान्य, तर ते सकाळी गेट उघडायच्या आधी उरका. त्यांच्यातल्या एकाचा सोलो ऐन रंगात आला, दहा वाजले आणि खट्कन आवाज गेला. ड्रमर बिचारा तसाच वाजवत राहिला, पुढच्या रांगेतली पोरं बिनमाइकची गात राहिली. वर्षभर घासून बसवलेला सेट असा अर्धा कापतात, फार राग येतो यार, आणि दरवर्षी!