दहाच्या आत कामगार असले तरी तक्रार करता येते!

कालपासून जळगावच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय की दुकानात दहापेक्षा कमी माणसं असली तर लैंगिक छळाचा कायदा लागूच होत नाही, हे साफ चुकीचं आहे भाऊ. दहाची अट फक्त ऑफिसातल्या अंतर्गत समितीला आहे. 2013 च्या कायद्यानेच प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती ठेवलीय, फुले मार्केटमधल्या साडीच्या दुकानात दोनच पोरी कामाला असल्या तरी त्या तिथे जाऊ शकतात, आणि त्रास देणारा खुद्द शेठच असला तरीपण. घरकाम करणाऱ्या मावशीसुद्धा. तक्रार लेखी, तीन महिन्यांच्या आत, अडचण असली तर समिती अजून तीन महिने वाढवून देऊ शकते. लिहिता येत नसेल तर लिहून द्यायला मदत करणं समितीचंच काम आहे. तो मेसेज प्लीज पुढे ढकलू नका, एखादी पोरगी तो वाचून गप्प बसेल.