वणवा 'लागला' म्हणे

परवा संध्याकाळी साडेसातला शेजारच्या काकूंनी कंपाउंडवरून हाक मारली, "अहो, गच्चीवर या, डोंगर पेटलाय." चहा तसाच ठेवून वर गेलो. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर, आमच्या शाहूनगरच्या अंगाला, नारिंगी रंगाची वेडीवाकडी रेघ उमटली होती. किल्ल्यावरच्या मनोऱ्याचे लाल दिवे धुरात दिसेनासे झाले होते.

दहा मिनिटांत गच्च्या भरल्या. कोजागरीला जमतात तशी माणसं. कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या हातात शेंगदाणे, आणि मोबाईल तर सगळ्यांच्याच हातात. दोघं लाईव्ह गेले. ग्रुपवर 'आपला सातारा जळतोय' आणि खाली रडक्या चेहऱ्यांची रांग. मीही दोन व्हिडिओ काढले, खोटं कशाला सांगू.

एकानं लॉस एंजेलिसचा जुना व्हिडिओ टाकला. जानेवारी 2025 मध्ये तिथं आल्टाडेना गावावर डोंगरातून आग आली, ती. नऊ हजारांवर इमारती गेल्या त्यात. खाली लगेच प्रश्न आला, "आपल्याकडं होईल का असं?" नाही होणार, आणि त्याचं कारण जरा लाजिरवाणं आहे. तिथली घरं बव्हंशी लाकडाची. वादळी वाऱ्यानं ठिणग्या लांबवर उडतात, छपराच्या झरोक्यातून आत शिरतात आणि घर आतून पेटतं. आपली घरं विटा-सिमेंटची, वर स्लॅब. डोंगर पेटला तरी आपली भिंत फार तर काळी पडते. म्हणून तर आपण शेंगदाणे खात बघू शकतो.

कोपऱ्यावरचे आप्पा (जन्म याच डोंगराखाली गेलेला) शांतपणे म्हणाले, "वारं खालनं वर हाय. आग चढणीला पळती. आपल्याकडं न्हाय यायची." बरोबरच होतं त्यांचं. चढावर ज्वाळा वरच्या गवताच्या अंगावर झुकतात, ते आधीच तापून कोरडं होतं आणि आग पोचायच्या आतच पेट घ्यायला तयार असतं. म्हणून वणवा डोंगर चढतो तेव्हा माणसाला पळून गाठता येत नाही, आणि माणसाला त्याच्यापुढं पळताही येत नाही. तमिळनाडूत थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात 11 मार्च 2018 ला ट्रेकिंगला गेलेली मुलंमुली अशाच आगीत सापडली. 23 जणांचा जीव गेला. आपण सह्याद्रीत उन्हाळी ट्रेक काढतो तेव्हा याची आठवण कुणी काढत नाही.

साडेनऊनंतर मात्र आप्पांचंही गणित चुकलं. रात्री डोंगर निवतो, थंड झालेली हवा खाली उतरायला लागते. रेघेचं एक टोक आडवं होऊन शेवटच्या गल्लीकडं सरकलं. एक पेटलेला ओंडका घरंगळत येऊन तिथल्या पत्र्याच्या शेडमागं थांबला. शेडमध्ये दोन भरलेले सिलिंडर. तेव्हा कुठं गच्च्या रिकाम्या झाल्या. बादल्या निघाल्या, कुणीतरी बोअरची मोटर चालू केली, बायकांनी पोती भिजवली. बंब आला तो डांबरी रस्त्याच्या टोकापर्यंत. त्याच्यापुढं तो तरी कसा चढणार? पाइप शेडपर्यंत पुरला, एवढं नशीब.

वरती काय चाललं होतं ते खालून दिसत नव्हतं. सकाळी कळलं. वनखात्याची चार माणसं आणि वस्तीतली सात-आठ पोरं निरगुडीच्या ओल्या फांद्यांनी आगीची कड झोडपत होती. एकाकडं पाला उडवायचा ब्लोअर होता. आगीचं तोंड धरायचं नाही, कडेकडेनं मारत जायचं, हे त्यांना कुणी कोर्समध्ये शिकवलेलं नाही. रात्री एकला खाली आली तेव्हा पोरांच्या भुवया करपलेल्या होत्या. त्यांचा व्हिडिओ कुणाकडंच नाही.

आता मूळ मुद्दा. दिवसभर सगळ्यांच्या तोंडी एकच, 'वणवा लागला.' पाऊस लागला, ऊन लागलं, तसा वणवा लागला. मार्च महिन्यात साताऱ्यावर वीज पडलेली कुणी पाहिली होती परवा? कोरडं ठक्क आभाळ. आपल्या डोंगरातलं गवत पावसाळ्यात कंबरभर वाढतं, दिवाळीनंतर वाळतं आणि माघ-फाल्गुनात काडी पडायची वाट बघत उभं असतं. ती काडी जवळजवळ दर वेळी माणसाचीच असते. जाळलं की गवत जोमानं फुटतं हा समज, बिडी, सरपणाच्या वाटा मोकळ्या करणं, पार्टीतली चूल, कचरा. पण 'लावला' म्हटलं की 'कुणी?' विचारावं लागतं. 'लागला' म्हटलं की झोप लागते.

सकाळी मी 'चार भिंती' स्मारकाच्या बाजूनं वर गेलो. पायाखाली राख, मध्येच कुठंतरी शेणाची गोवरी अजून धुमसत होती. मागच्या पावसात लावलेल्या करंजाच्या रोपांच्या जागी काळ्या काड्या, शेजारी वितळलेल्या पाण्याच्या बाटल्या. टिटव्यांची एक जोडी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती. टिटवी अंडी उघड्या जमिनीवरच घालते. मी शोधायला गेलो नाही. जूनच्या पहिल्या वळवात ही उघडी माती आमच्याच गटारातून काळी होऊन वाहणार आहे. तेव्हा ग्रुपवर पुन्हा गटाराचे फोटो येतील.

काळं जिथून सुरू झालंय तिथवर उतरत आलो. मला वाटलं होतं गुराख्यांच्या वाटेवर पोचेन. पोचलो आमच्याच शेवटच्या ओळीमागच्या मोकळ्या प्लॉटवर. गुडघाभर गवत जळून गेलेलं आणि मधोमध अर्धवट जळालेला ढीग: दुधाच्या पिशव्या, थर्माकोलच्या ताटल्या, आंब्याचा पाला. सगळी संध्याकाळ आम्ही गच्चीवर उभं राहून गुराख्यांना आणि 'बाहेरच्या टवाळ पोरांना' शिव्या घातल्या होत्या.

मीही दर फेब्रुवारीत मागच्या बाजूला पाला पेटवतो. शेजारी पाण्याची बादली ठेवतो, म्हणजे स्वतःला मोठा जबाबदार समजतो. परवाच्या वाऱ्यात ती बादली काय कामाची होती ते आता कळलं. यंदापासून पाला खड्ड्यात.

उपग्रहावरून वणव्याचे इशारे वनखात्याला जातात, हे खरं आहे. पण ज्या उपग्रहांवरून बारीक आगी टिपल्या जातात ते डोक्यावरून दुपारी आणि मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास जातात. साडेसातची आग त्यांना दिसेपर्यंत डोंगर संपलेला असतो. व्हिडिओ काढायच्या आधी 1926 फिरवा, वनखात्याचा नंबर आहे. आमच्या गल्लीत परवा एकालाही माहीत नव्हता, मलासुद्धा. आणि जाळरेषा, म्हणजे वस्ती आणि डोंगर यांच्यामधला गवत काढलेला पट्टा, ही मार्चमध्ये बोलायची गोष्टच नाही. ती दिवाळीनंतर लगेच काढायची असते. दिवाळीत आपण काय करत असतो ते सांगायला नको.

काल त्या प्लॉटच्या मालकांना फोन लावला. पुण्यात असतात. झालेलं सगळं सांगितलं, गवताचं काहीतरी करा म्हटलं. ऐकून घेतलं त्यांनी, मग म्हणाले, "बरं झालं की हो, माणूस लावून साफ करायचाच होता. आपोआप झालं."