गांजा उलटी थांबवतो, मग त्याने उलट्या होतीलच कशा?

एक मेसेज फिरतोय, की रोज गांजा ओढणाऱ्यांना होणारा उलट्यांचा आजार (कॅनाबिनॉइड हायपरएमेसिस सिंड्रोम, डॉक्टर सीएचएस म्हणतात) हे औषध कंपन्यांनी सोडलेलं पिल्लू आहे. एकेक मुद्दा बघू.

"गांजा तर उलटीवरचं औषध." हो, अर्धं खरंय. लॅबमध्ये बनवलेलं टीएचसी (गांज्यातला नशा आणणारा घटक), ड्रोनाबिनॉल नावाने, केमोच्या मळमळीसाठी अमेरिकेत १९८५ पासून मान्य आहे. पण ते मोजून दिलेलं औषध, आणि इथे विषय आहे वर्षानुवर्षं जवळजवळ रोज ओढणाऱ्यांचा.

"कंपन्यांचा बनाव." कसला बनाव, उपाय काय तर गांजा सोडा, त्यात कंपनीला काय मिळणार? २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी अशा पेशंटची नोंद छापली, दहापैकी नऊ जण उलट्यांच्या काळात सारखी अंघोळ करत होते (त्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं), सात जणांनी गांजा सोडला आणि उलट्या थांबल्या, आणि मधे सोडून ज्या तिघांनी परत सुरू केला त्यांचा आजारही परत आला.

"गांज्याचा दोष नाही, त्यावर मारलेल्या कडुनिंबाच्या तेलाचा आहे." मग ज्यात झाडच नाही अशा केमिकलवाल्या नकली गांज्याने पण हेच का होतं?

"मला तर ओढल्यावरच बरं वाटतं." सगळ्यात जास्त फसतात ते इथेच. सुरुवातीला नुसती सकाळची मळमळ असते, कधीकधी हे महिनोन्महिने चालतं, माणूस त्यावरच उपाय म्हणून अजून ओढतो, मग एक दिवस पोटात दुखून तासातासाला उलट्या सुरू होतात. चार दिवस बंद करून बघितलं, काही फरक नाही, असंही सांगतात लोक, पण टीएचसी चरबीत साठतं, हळूहळू निघतं, पूर्ण बरं व्हायला आठवडे, कधी महिने जातात.

"गरम पाण्याने अंघोळ केली की थांबतं." तेवढ्यापुरतं. अंगातलं पाणी आणि पोटॅशियम जातच असतं, किडनी बंद पडायची वेळ येते, मृत्यूही नोंदलेत.

रोज ओढणाऱ्या प्रत्येकाला हे होत नाही, मान्य. पण उलट्या थांबत नसतील, लघवी कमी झाली असेल, चक्कर येत असेल तर सरळ हॉस्पिटल गाठा आणि गांजाचं लपवू नका, कारण उलटीवरचं नेहमीचं औषध, ऑनडॅनसेट्रॉन, यात बऱ्याचदा चालत नाही, हॅलोपेरिडॉल (एरवी मानसिक आजारांवर देतात ते औषध) किंवा पोटावर लावायचं मिरचीतल्या कॅप्सेसिनचं क्रीम चालतं, आणि डॉक्टरला मूळ गोष्टच माहीत नसेल तर तो स्कोपी (दुर्बिणीने पोटाची तपासणी) आणि स्कॅनच करत बसणार.